मुंबई ते अमेरिका थेट विमान: पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेच्या सोयीचे परीक्षण

लातूर, बीड, धाराशिव, नांदेड या जिल्ह्यांत आता जवळपास प्रत्येक गल्लीत असे एखादे घर सापडते, ज्यातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आहे आणि आईवडील थंडीत किंवा बाळंतपणासाठी तिकडे जाऊन येतात. यांतल्या अनेकांचा तो आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास असतो आणि तोही पंधरा-सोळा तासांचा. तिकीट काढताना सामान किती किलो नेता येते, जेवण शाकाहारी मिळेल का, मध्ये विमान बदलावे लागेल का, एवढे सगळे विचारले जाते. वाटेत पाणी कसे मिळेल आणि स्वच्छतागृहात पाण्याची काय सोय आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वयस्कर माणसांचे प्रवासात हाल होतात ते बहुतेक याच दोन कारणांनी, म्हणून हे परीक्षण फक्त या दोन गोष्टींपुरते लिहीत आहे. आसन, पडदा, जेवण यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात गेली. गावोगावच्या विहिरी, बोअर आणि टाक्यांच्या पाण्याचे नमुने घेणे, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग पावडर) वेळेवर पडते की नाही ते पाहणे, नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची चाचणी, करणे, हे माझे रोजचे काम होते. यंदा सासूबाईंना घेऊन मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थेट विमानाने गेले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, आणि प्रवासाला निघाले की त्या पाणी कमी करतात. कंपनीचे नाव येथे देत नाही. एका प्रवासावरून एका कंपनीला दोषी धरणे योग्य होणार नाही, आणि येथे नोंदवलेल्या बहुतेक उणिवा इतर कंपन्यांच्या साध्या वर्गातही असतात असे परिचितांकडून ऐकले आहे. निष्कर्ष आधीच सांगते: पिण्याचे पाणी चांगल्या प्रतीचे होते, पण ते मागावे लागले; टाकीतल्या पाण्याविषयी विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही; आणि स्वच्छतागृहांची व्यवस्था प्रवासाच्या पहिल्या भागात उत्तम, तर शेवटच्या भागात नापास करण्यासारखी होती.

पाण्याची अडचण विमानात बसण्यापूर्वीच सुरू होते. लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट २००६ च्या ऑगस्टमध्ये उघड झाला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातला द्रव सुरक्षा तपासणीतून पुढे नेता येत नाही. रिकामी बाटली मात्र नेता येते. आम्ही तशीच नेली आणि तपासणीनंतर विमानतळावरच्या पाण्याच्या नळावर भरून घेतली. पुढे विमानाच्या दारापाशी हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी झाली आणि ती भरलेली बाटली तेथे रिकामी करावी लागली. अमेरिकेला जाणाऱ्या इतर प्रवाशांनीही हे असेच होते असे सांगितले. म्हणजे घरचे पाणी नाही, विमानतळावरचेही नाही; आसनावर बसल्यानंतर माणूस पूर्णपणे विमानातल्या पाण्यावर अवलंबून असतो. कंपनीने ही जबाबदारी त्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

आसनावर प्रत्येकाला एक लहान सीलबंद बाटली ठेवलेली होती, हे चांगले. सील शाबूत होते आणि तारीख स्पष्ट छापलेली होती. परंतु दारे बंद झाल्यावर विमान तासाहून अधिक वेळ जमिनीवरच थांबले आणि त्या काळात कोणी पाणी घेऊन फिरले नाही. सासूबाईंची बाटली गोळ्या घेण्यातच संपली होती. अमेरिकेत या बाबतीत नियम आहे: प्रवासी आत बसलेले असताना विमान जमिनीवर अडकून राहिले, तर दोन तासांच्या आत खाणे आणि पिण्याचे पाणी द्यावेच लागते आणि स्वच्छतागृहे चालू ठेवावी लागतात. नियमातले दोन तास ही शेवटची मर्यादा आहे. चांगल्या सेवेने मर्यादेची वाट पाहू नये, विशेषतः समोर लहान मुले आणि म्हातारी माणसे बसलेली दिसत असताना.

विमान वर गेल्यावर जेवणाबरोबर पाणी मिळाले आणि त्यानंतर तास-दीड तासाने एक कर्मचारी पेल्यांचा ट्रे घेऊन फिरून गेली. मग दिवे मंद झाले आणि पुढचे बरेच तास कोणी आले नाही. झोपलेल्यांना उठवू नये हा विचार समजण्यासारखा आहे, पण म्हातारी माणसे सलग झोपत नाहीत. मागच्या पॅन्ट्रीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, मोठ्या बाटल्या आणि पेले मांडून ठेवले होते आणि ज्याला हवे त्याने जाऊन घ्यावे अशी पद्धत होती. ज्याला उठता येते त्याच्यासाठी ही सोय फार चांगली आहे. मी स्वतः अनेकदा जाऊन आले आणि प्रत्येक वेळी कर्मचाऱ्यांनी हसतमुखाने पेला भरून दिला. सासूबाईंसारख्या माणसाला मात्र डोक्यावरचे बटण दाबण्याचाही संकोच वाटतो. कोणाला तरी आपल्यासाठी उठून यावे लागेल, याचे त्यांना ओझे होते. अशा प्रवाशांची नोंद चाकाची खुर्ची मागताना कंपनीकडे आधीच झालेली असते. त्या नोंदीचा उपयोग रात्री दर दोन तासांनी त्या आसनाशी पाणी नेऊन विचारण्यासाठी का होऊ नये, हे मी प्रतिसादाच्या पत्रात कंपनीला विचारले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. विमानातल्या हवेची आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते. वैशाखातल्या आपल्याकडच्या दुपारीही अशीच कोरडी हवा असते, म्हणून घसा आणि डोळे कोरडे पडण्याचा अनुभव आपल्याला नवीन नाही. परंतु या कोरड्या हवेमुळे शरीरातले पाणीच झपाट्याने आटते, असे संशोधनातून दिसलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. खरा धोका असतो तो माणूस स्वतःहून पाणी बंद करतो त्याचा. सासूबाई मुंबईतच म्हणाल्या होत्या, "मला नको बाई पाणी, उगं उठबस कशाला करायची." घरी, एसटीत, रेल्वेत, लग्नाच्या मांडवात, जेथे स्वच्छतागृहाची खात्री नसते तेथे आपल्याकडच्या बायकांनी आयुष्यभर हेच केलेले आहे. विमानातही त्या तेच करतात. म्हणून मी पाण्याची सोय आणि स्वच्छतागृहाची सोय वेगळी मोजत नाही. स्वच्छतागृह नीट नसेल तर दिलेले पाणी पेल्यातच राहते.

याचा परिणाम केवळ तहानेपुरता नसतो. लांब प्रवासात एका जागी बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अभ्यासात नोंदवलेले आहे. निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एक एवढाच राहतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वय, स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असे काही असेल तर तो वाढतो. पाणी पिणारा माणूस उठतो, उठणारा माणूस चालतो, आणि चालणे हाच त्यावरचा सोपा उपाय आहे. पाणी टाळणारा माणूस मात्र आसनाला खिळून राहतो.

आता टाकीच्या पाण्याकडे येते, कारण माझ्या नोकरीमुळे माझे सर्वांत अधिक लक्ष तेथे होते. विमानात दोन प्रकारचे पाणी असते. एक बाटलीबंद, दुसरे विमानाच्या पोटातल्या टाकीतले. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानात ही टाकी हजार लिटरच्या आसपास असते, आणि तिचेच पाणी हात धुण्याच्या बेसिनला आणि पॅन्ट्रीतल्या चहा-कॉफीच्या यंत्राला जाते. विमानतळाच्या जलवाहिनीतून ते पाण्याच्या गाडीत येते, गाडीच्या नळीतून विमानाच्या टाकीत जाते, आणि तेथून नळापर्यंत पोहोचते. शौचालयाची टाकी रिकामी करणारी गाडी आणि पिण्याचे पाणी भरणारी गाडी पूर्णपणे वेगळ्या असाव्यात आणि ही दोन कामे एकाच माणसाने करू नयेत, असा दंडक आहे. दंडक कडक आहे तो उगाच नाही. नळीचे एक टोक जमिनीवर पडले तरी पुढची हजार लिटर टाकी बिघडू शकते.

लातूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, पहिल्या गाडीला दहा वाघिणी (टाकीचे डबे) होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते पाणी भरण्याआधी रेल्वेने वाघिणी राजस्थानातल्या कोटा येथील कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. मूळ पाणी कितीही शुद्ध असले तरी ते ज्या ज्या भांड्यातून जाते ते प्रत्येक भांडे शुद्ध असावे लागते, हाच त्यामागचा नियम होता आणि विमानालाही तोच लागू आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये ३२७ प्रवासी विमानांतल्या पाण्याची तपासणी केली, तेव्हा सुमारे १५ टक्के विमानांत कोलिफॉर्म जंतू आढळले. कोलिफॉर्म सापडले म्हणजे ते पाणी पिऊन माणूस आजारी पडेलच असे नाही. बाहेरची घाण आत शिरायला कोठेतरी वाट आहे, एवढा त्याचा अर्थ असतो. आपल्याकडे गावच्या टाकीचा नमुना दूषित आला की आम्हीही याच अर्थाने गळती शोधायला निघत असू. या तपासणीनंतर तेथे २००९ मध्ये विमानातल्या पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र नियम झाला आणि तो २०११ पासून लागू झाला. प्रत्येक विमानाची टाकी ठरावीक काळाने निर्जंतुक करून धुणे, नमुने तपासणे, आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) सापडल्यास २४ तासांच्या आत प्रवाशांसाठी ते पाणी बंद करणे, हे त्यात बंधनकारक आहे. तेथील कंपन्यांच्या तपासणीच्या नोंदी कोणालाही पाहता येतात.

आपल्या महाराष्ट्रात पाणी स्रोतांच्या सर्वेक्षणानंतर प्रत्येक ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की सरपंचाला ग्रामसभेत उत्तर द्यावे लागते. तीनशे माणसे घेऊन पंधरा तास उडणारे विमान हेही एक गावच आहे, पण त्याच्या पाण्याचे कार्ड प्रवाशाला कोठेही पाहायला मिळत नाही. मी एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याला विचारले, "दादा, चहाचे पाणी टाकीचे की बाटलीचे?" त्याने नम्रपणे सांगितले की यंत्राला टाकीचे पाणी जाते आणि ते नियमित तपासले जाते. शेवटची तपासणी कधी झाली, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला ते ठाऊक असावे अशी व्यवस्थाच नाही, त्यामुळे दोष त्याचा नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००७ पासून लागू आहेत आणि विमानतळावरचे व विमानातले पाणी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यांत स्पष्ट लिहिलेली आहे. टाकी शेवटची कधी निर्जंतुक केली ती तारीख पॅन्ट्रीच्या भिंतीवर लावणे यात कोणताही खर्च नाही. गावातल्या टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली असते. ती येथेही असावी.

मग चहा घ्यावा की नाही? माझे मत असे की वाफाळता असेल तर घ्यावा. विमानातला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो, आणि आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळते. एवढ्या उष्णतेत पोट बिघडवणारे बहुतेक जंतू टिकत नाहीत. कोमट चहा आला तर परत द्यावा. औषधाची गोळी, लहान मुलाचे दूध आणि दात घासणे यांसाठी मात्र बाटलीचेच पाणी मागावे. ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा मूत्रपिंड बदललेले आहे, त्यांनी टाकीच्या पाण्याचे काहीच घेऊ नये. आम्हाला बाटलीचे पाणी मागितल्यावर एकदाही नकार मिळाला नाही, ही गोष्ट या सेवेच्या बाजूने नोंदवते.

स्वच्छतागृहांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. साध्या वर्गात साधारण चाळीस-पन्नास माणसांमागे एक स्वच्छतागृह येते. उड्डाणानंतरचे काही तास ती कोरडी, स्वच्छ, साबण आणि कागदाने भरलेली होती. कर्मचारी मधूनमधून आत डोकावत होत्या, हे मी पाहिले. पहिल्या जेवणानंतर रांग लागली आणि मध्यरात्रीनंतर जमीन ओली, कचऱ्याची पेटी भरून वाहिलेली आणि एका ठिकाणी साबण संपलेला, अशी स्थिती झाली. सकाळच्या नाश्त्याच्या आधी, म्हणजे जेव्हा सर्वांना एकदमच जायचे असते तेव्हा, ती सर्वांत वाईट होती. स्वच्छतेच्या फेऱ्या रात्री थांबतात आणि गरज तर सकाळी शिगेला पोहोचते. वेळापत्रकातली ही एक दुरुस्ती केली तरी अर्धी तक्रार मिटेल.

आपल्या प्रवाशांची मोठी अडचण वेगळी आहे. शौचानंतर धुण्यासाठी पाण्याची सोय नाही, फक्त कागद. विमानातले शौचकूप पाण्याने वाहत नाही, हवेच्या दाबातल्या फरकाने मैला ओढून घेते, म्हणून त्याला पाणी अगदी थोडे लागते. पाण्याचे वजन वाहून न्यावे लागते आणि जमिनीवर सांडलेले पाणी खाली झिरपून विमानाचा सांगाडा गंजवते, हे जेट स्प्रे न बसवण्याचे कारण समजू शकते. पण मार्गच नाही असे म्हणता येणार नाही. जपानच्या एएनए कंपनीने बोईंग ७८७ विमानांत धुण्याची सोय असलेली शौचकूपे बसवली आहेत. मुंबईहून निघणाऱ्या विमानात निम्म्याहून अधिक प्रवासी पाण्याने धुणारे असतात, हे उघड आहे, आणि तरी आत एक साधा प्लास्टिकचा मगही नसतो. लोक मग कागदी पेल्यात पाणी भरून नेतात, ते सांडते, जमीन ओली होते, आणि पुढचा माणूस मागच्याला नावे ठेवतो. मी सासूबाईंसाठी दाबून पाणी सोडता येणारी लहान रिकामी बाटली नेली होती. ती बेसिनवर भरून घेता येते, सांडत नाही आणि पुन्हा पिशवीत ठेवता येते. तिच्यामुळेच त्यांनी वाटेत पाणी प्यायला होकार दिला. ही बाटली कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते आणि म्हाताऱ्या माणसाच्या सामानात ती पासपोर्टइतकीच आवश्यक आहे.

आत जाताना पायात चप्पल किंवा बूट असावाच. मोज्यांवर जाणारे अनेक जण दिसले. बेसिनचा नळ एकदा दाबला की काही सेकंदच वाहतो, म्हणून हात नीट धुवायचे तर तो पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. म्हाताऱ्या हातांना ते जड जाते. दार उघडे ठेवून सोबतच्याने मदत करावी, त्यात संकोच नसावा.

आसनाजवळच्या स्वच्छतेबद्दल थोडक्यात. हवेविषयी चिंता करण्याचे कारण नाही. मोठ्या विमानांतली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि गाळण्या अतिशय बारीक कणही ९९.९७ टक्के अडवतात. पृष्ठभागांचे तसे नाही. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की समोरच्या आसनाच्या खिशाच्या कापडावर औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू १६८ तास जिवंत राहतो आणि हातटेकणीच्या साहित्यावर घातक ई. कोलाय ९६ तास. आमच्या पुढच्या खिशात आधीच्या प्रवाशाचा वापरलेला कागदी रुमाल होता, म्हणजे तो खिसा दोन उड्डाणांमध्ये कोणी उघडून पाहिलेला नव्हता. जेवणाचा ट्रे ओल्या निर्जंतुक रुमालाने पुसून घेतला आणि खिशात काही ठेवले नाही. कांबळी सीलबंद पिशवीत होती आणि धुतल्याचा वास येत होता, त्याबद्दल तक्रार नाही.

तिकीट काढणाऱ्या मुलांनी आईवडिलांसाठी रस्त्याकडेचे, म्हणजे मार्गिकेलगतचे आसन घ्यावे आणि ते स्वच्छतागृहाला अगदी चिकटून नसले तरी दोन-चार रांगांच्या अंतरावर असावे. विमानात बसल्याबरोबर कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे की आमच्यासोबत वयस्कर माणूस आहे, रात्री पाणी विचारा. आम्ही तसे मध्यरात्री सांगितल्यावर त्यानंतर तीनदा विचारणा झाली. आवश्यक गोळ्या, साठ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली हात निर्जंतुक करण्याची लहान बाटली आणि दाबायची बाटली हे सारे आसनाखालच्या पिशवीत ठेवावे, वरच्या कप्प्यात नव्हे.

गुण द्यायचे तर पिण्याच्या पाण्याच्या प्रतीला दहापैकी आठ, ते पोहोचवण्याच्या पद्धतीला पाच, टाकीच्या पाण्याच्या माहितीला दोन, स्वच्छतागृहांना चार आणि कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला नऊ. परतीचे तिकीट याच कंपनीचे आहे. कंपनीला लिहिलेल्या पत्रात तीनच मागण्या केल्या आहेत: पॅन्ट्रीत टाकी धुतल्याची तारीख, नाश्त्याच्या आधी स्वच्छतागृहांची एक फेरी आणि चाकाची खुर्ची मागणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला रात्री ठरावीक वेळाने पाणी.